फ्लेक्स सहा फुटांचा, पडदा सात सेंटिमीटरचा

वाचकांचे प्रश्न

समाजमाध्यमांवर टाकायची छायाचित्रे आणि चित्रफिती कोणत्या आकारात तयार कराव्यात, याविषयी बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागांतील वाचकांनी विचारलेल्या काही प्रश्नांची उत्तरे या वेळी देत आहोत. बहुतेकांनी पिक्सेलचे, म्हणजे चित्र ज्या बारीक ठिपक्यांचे बनते त्यांचे, आकडे विचारले आहेत आणि ते उत्तरांत आलेही आहेत. तथापि आकड्यांच्या आधी चौकट आडवी, उभी की चौरस हे ठरवावे लागते, आणि पत्रांतील बहुतेक तक्रारींचे मूळ ते न ठरवण्यातच आहे.

प्रश्न : आमच्या गावात दरवर्षी मराठी साहित्य संमेलन भरते. यंदा वेशीवर लावलेल्या सहा बाय चार फुटांच्या फ्लेक्सचेच डिझाइन आम्ही इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवर टाकले. इन्स्टाग्रामवर डावीकडील संमेलनाध्यक्षांचे छायाचित्र आणि उजवीकडील ग्रंथदिंडीची वेळ कापली गेली, तर व्हॉट्सॲपवर अक्षरे फुटली. योग्य आकार कोणता?
— संमेलन समितीचे एक कार्यकर्ते, बेळगाव तालुका

उत्तर : उचगाव, कडोली, येळ्ळूर, कुद्रेमनी या गावांनी ग्रामीण साहित्य संमेलनांची परंपरा नेटाने चालवली आहे आणि त्यांची निमंत्रणे आता छापील पत्रिकेपेक्षा मोबाइलवरच अधिक वाचली जातात, म्हणून हे उत्तर जरा विस्ताराने देतो.

सहा बाय चारचा फ्लेक्स आडवा असतो. त्याच्या रुंदीचे उंचीशी गुणोत्तर ३:२ असते. मोबाइल मात्र माणूस उभा धरतो आणि त्याच्या पडद्याची रुंदी जेमतेम सात सेंटिमीटर असते. सहा फूट म्हणजे १८३ सेंटिमीटर. एवढी रुंदी सात सेंटिमीटरांत बसवायची तर प्रत्येक गोष्ट सव्वीस पटींनी लहान होते, आणि फ्लेक्सवर रस्त्यापलीकडून वाचता येणारे दोन इंची अक्षर मोबाइलवर दोन मिलिमीटरांवर येते. देवनागरीत तर अक्षर लहान झाले की अनुस्वार, रफार आणि उकार आधी नाहीसे होतात. फ्लेक्सच्या फायलीत पिक्सेल कितीही असले तरी यात फरक पडत नाही. ७२ डीपीआयने, म्हणजे इंचाला ७२ पिक्सेल धरून, केलेल्या सहा बाय चारच्या फायलीत ५१८४ × ३४५६ पिक्सेल असतात. परंतु इन्स्टाग्राम १०८० पिक्सेलपेक्षा रुंद चित्र १०८० वर आणून ठेवते, म्हणजे ती फाइल तेथे १०८० × ७२० ची होते.

त्यामुळे मोबाइलसाठी वेगळे, उभे चित्र करावे. ४:५ हे गुणोत्तर घ्यावे, म्हणजे १०८० पिक्सेल रुंद आणि १३५० पिक्सेल उंच. रुंदी तीच राहून उंची ७२० ऐवजी १३५० झाल्याने पडद्यावर जवळजवळ दुप्पट जागा मिळते. या जागेत संमेलनाचे नाव, अध्यक्षांचे नाव व छायाचित्र, ठिकाण, तारीख आणि ग्रंथदिंडीची वेळ एवढेच द्यावे. स्वागतोत्सुकांची आणि देणगीदारांची नावे गाळणे गावात किती अवघड असते याची पूर्ण कल्पना आहे. त्यांच्यासाठी दुसरे चित्र करावे, तिसरेही करावे. पण पहिल्या चित्रात त्यांची गर्दी करू नये.

डीटीपी करणाऱ्याकडून फाइल घेताना दोन गोष्टी आवर्जून सांगाव्यात. छपाईची फाइल बहुधा सीएमवायके या छपाईच्या चार शाईंच्या रंगपद्धतीत असते, ती पडद्यावर काही वेळा मळकट किंवा भडक दिसते. म्हणून मोबाइलसाठी आरजीबी या पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगपद्धतीत, एसआरजीबी या प्रमाणित रंग-प्रोफाइलसह फाइल मागावी. दुसरे म्हणजे कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधील मूळ फाइल घेऊन ती दुसऱ्या संगणकावर उघडू नये, कारण तो फॉन्ट तेथे नसेल तर मराठी मजकुराची अक्षरशः चाळण होते. थेट १०८० × १३५० ची जेपीईजी किंवा पीएनजी फाइलच मागून घ्यावी.

आता अक्षरे फुटण्याविषयी. जेपीईजी पद्धतीत चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे बारीक चौकोन पाडून प्रत्येक चौकोनातील तपशील कमी केला जातो. शिवाय मानवी डोळ्याला उजेडातील फरक रंगातील फरकापेक्षा अधिक स्पष्ट कळतो, याचा फायदा घेऊन उजेडाची माहिती पूर्ण आणि रंगाची माहिती बहुधा एक चतुर्थांशच ठेवली जाते. परिणामी ज्या अक्षरांचा पार्श्वभूमीशी फरक केवळ रंगाचा आहे, उजेडाचा नाही, त्यांच्या कडा विरघळतात. गर्द भगव्यावर लाल, हिरव्यावर लाल, निळ्यावर जांभळा अशा जोड्या आपल्याकडील फ्लेक्सवर सर्रास असतात आणि त्याच मोबाइलवर सर्वांत आधी बिघडतात. याची कसोटी सोपी आहे : मोबाइलमधील संपादन सुविधेने चित्र कृष्णधवल करून पाहावे, अक्षरे करड्या रंगात बुडाली तर रंगांची जोडी बदलावी.

व्हॉट्सॲपवर चित्र पाठवताना ‘एचडी’ हा पर्याय निवडावा. ही सोय २०२३ पासून उपलब्ध आहे. चित्र जराही न बदलता पोहोचवायचे असल्यास ते डॉक्युमेंट म्हणून पाठवावे. गावाच्या ग्रुपवर आलेल्या निमंत्रणाचा स्क्रीनशॉट काढून तो पुढच्या ग्रुपवर टाकण्याची सवय मात्र सोडलेली बरी, कारण प्रत्येक स्क्रीनशॉटबरोबर चित्र नव्याने दाबले जाते, म्हणजे फाइल लहान करण्यासाठी त्यातील तपशील कमी केला जातो. आलेला संदेश तसाच फॉरवर्ड करावा.

प्रश्न : आमचे बेळगावात मिठाईचे दुकान असून कुंदा हा आमचा मुख्य पदार्थ आहे. गिऱ्हाईक मराठी, कन्नड आणि बाहेरगावचे इंग्रजी जाणणारे असे तिन्ही प्रकारचे असल्याने आम्ही प्रत्येक पोस्टमध्ये तिन्ही भाषांत मजकूर देतो, पण पोस्ट फार गच्च दिसते. शिवाय इन्स्टाग्रामच्या आमच्या पानावर जुन्या पोस्टमधील मजकुराच्या कडा अलीकडे कापल्यासारख्या दिसू लागल्या आहेत.
— एक मिठाई व्यावसायिक, खडेबाजार, बेळगाव

उत्तर : दुकानाच्या पाटीवरील मजकुरात कन्नडचे प्रमाण साठ टक्के असावे, असे कर्नाटकाचा २०२४ चा दुरुस्ती कायदा सांगतो, त्यामुळे पाटीवर भाषांची दाटी होणे समजण्यासारखे आहे, पण पाटीची मांडणी पोस्टमध्ये आणण्याचे कारण नाही. इन्स्टाग्रामवर एका पोस्टमध्ये एकापाठोपाठ सरकवता येणारी वीसपर्यंत चित्रे देता येतात. पहिल्या चित्रात केवळ कुंद्याचे छायाचित्र आणि दुकानाचे नाव असावे, दुसऱ्यात मराठी, तिसऱ्यात कन्नड आणि चौथ्यात इंग्रजी मजकूर द्यावा. मात्र सर्व चित्रे एकाच गुणोत्तरात करावीत, कारण पहिल्या चित्राची चौकट पुढील चित्रांनाही लागू होते आणि एखादे आडवे चित्र मध्येच आले तर त्याच्या बाजू छाटल्या जातात. भाव बदलत असेल तर तो चित्रात लिहूच नये. खालच्या मजकुरात लिहावा, तेथे तो दुरुस्त करता येतो.

कडा कापल्या जाण्याचे कारण असे. इन्स्टाग्रामच्या पानावरील चौकटी पूर्वी चौरस होत्या. जानेवारी २०२५ पासून त्या ३:४ अशा उभ्या केल्या गेल्या. जुने १०८० × १०८० चे चौरस चित्र या चौकटीत बसवताना त्याची ८१० पिक्सेल रुंदीच दिसते, म्हणजे दोन्ही बाजूंचे १३५ पिक्सेल झाकले जातात. ४:५ च्या चित्राचे नुकसान त्यामानाने अगदी कमी, प्रत्येक बाजूला सुमारे ३४ पिक्सेल इतकेच होते. पोस्ट उघडल्यावर चित्र पूर्ण दिसतेच, त्यामुळे जुन्या पोस्ट काढून टाकण्याची गरज नाही. यापुढे दुकानाचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक चित्राच्या कडेपासून बराच आत ठेवावा.

प्रश्न : आमच्या मंडळाचा शिवजयंतीच्या मिरवणुकीत चित्ररथ असतो. मुले मोबाइलवर चित्रीकरण करतात; काही आडवे, काही उभे. यूट्यूबवर उभ्या चित्रफितीला दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात आणि रीलमध्ये आडव्या चित्रफितीचे निम्मे दृश्य कापले जाते. रात्रीच्या चित्रीकरणात तर चौकोन चौकोन दिसतात. नेमके काय करावे?
— एका युवक मंडळाचे पदाधिकारी, शहापूर, बेळगाव

उत्तर : हा निर्णय चित्रीकरणाआधीच घ्यावा लागतो, नंतर संपादनात तो सुधारता येत नाही. यूट्यूबची नेहमीची चौकट १६:९, म्हणजे १९२० × १०८० अशी आडवी आहे. रील, स्टोरी, व्हॉट्सॲप स्टेटस आणि यूट्यूब शॉर्ट्स यांची चौकट ९:१६, म्हणजे १०८० × १९२० अशी उभी आहे. आडव्या १९२० × १०८० चित्रफितीतून उभा भाग कापला तर त्याची रुंदी ६०७ पिक्सेलच उरते आणि ती १०८० पर्यंत ताणल्यावर चेहरे पुसट होतात. मोबाइलमध्ये ४के चित्रीकरणाची सोय असेल तर हीच अडचण दूर होते, कारण ३८४० × २१६० च्या आडव्या चित्रफितीतून १२१५ × २१६० चा उभा भाग निघतो आणि तो रीलच्या गरजेपेक्षा मोठाच असतो. ४के चित्रफितीला जागा मात्र भरपूर लागते, तेव्हा मोबाइल आधी रिकामा करून ठेवावा.

चित्ररथावरील जिवंत देखावा हा रुंदीचा विषय आहे. दरबार असो वा लढाई, पात्रे एका ओळीत उभी असतात. म्हणून मुख्य चित्रीकरण आडवेच करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ढोलताशा, लेझीम, मर्दानी खेळ करणारा एकटा मुलगा किंवा मुलगी, ध्वज ही दृश्ये मात्र उभ्या चौकटीत उत्तम दिसतात. मंडळात मुलांची वाण नसते. एकाकडे आडवा आणि दुसऱ्याकडे उभा मोबाइल अशी कामाची वाटणी करून द्यावी, म्हणजे जो तो मनाला येईल तसा मोबाइल फिरवणार नाही.

रात्री चौकोन दिसण्याचे कारण कॅमेऱ्याइतकेच चित्रफीत साठवण्याच्या पद्धतीतही आहे. एच.२६४ सारख्या पद्धतीत चित्रफितीतील प्रत्येक चौकट (फ्रेम, म्हणजे एका क्षणाचे चित्र) पूर्ण साठवली जात नाही. आधीच्या चौकटीपेक्षा जे बदलले तेवढेच मुख्यतः नोंदवले जाते. मिरवणुकीत दिव्यांची उघडझाप, उडणारा गुलाल, हलणारी गर्दी आणि अंधारात कॅमेऱ्याने स्वतःच निर्माण केलेले ठिपके यांमुळे जवळजवळ प्रत्येक पिक्सेल क्षणोक्षणी बदलतो. माध्यमाने एका सेकंदासाठी ठरवलेल्या माहितीच्या मर्यादेत हे सारे मावत नाही आणि चित्राचे चौकोन पडतात. यावर पूर्ण उपाय नाही, पण मोबाइल तिवईवर किंवा गच्चीच्या कठड्यावर स्थिर ठेवला, सेकंदाला ६० ऐवजी ३० चौकटींचा वेग निवडला आणि बोटांनी झूम करणे टाळले तर फरक निश्चित दिसतो. तयार चित्रफीत एमपी४ प्रकारात, चित्रासाठी एच.२६४ आणि आवाजासाठी एएसी ही पद्धत निवडून काढावी.

पत्रात उल्लेख नसला तरी आणखी एक शंका येते, ती अशी की मुलांकडून चित्रफिती व्हॉट्सॲप ग्रुपवर मागवल्या जात असाव्यात. तसे असेल तर त्या संपादनापूर्वीच एकदा दाबल्या गेलेल्या असतात. त्या डॉक्युमेंट म्हणून किंवा गूगल ड्राइव्हवरून मागवाव्यात.

रीलवर शिवगर्जना किंवा मंडळाचे नाव लिहिताना ते अगदी तळाशी लिहू नये, कारण तेथे खात्याचे नाव व मजकूर येतो आणि उजवीकडे पसंतीची बटणे असतात. इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटा हिने जाहिरातदारांना दिलेल्या सूचनेनुसार रीलचा वरचा सुमारे १४ टक्के आणि खालचा सुमारे ३५ टक्के भाग मजकुरापासून मोकळा ठेवावा. १९२० पिक्सेल उंचीत हे अनुक्रमे २७० आणि ६७० पिक्सेल होतात. आपली रील जाहिरात नसली तरी बटणे तीच असतात. यूट्यूबबाबत एवढे लक्षात ठेवावे की १५ ऑक्टोबर २०२४ नंतर चढवलेली, तीन मिनिटांपर्यंतची उभी किंवा चौरस चित्रफीत शॉर्ट म्हणूनच गणली जाते. ती नेहमीच्या चित्रफितींमध्ये दिसावी अशी इच्छा असेल तर ती आडवी असली पाहिजे.

प्रश्न : आमच्या भजनी मंडळाच्या यूट्यूब चॅनेलसाठी थंबनेल आणि वरचे शीर्षचित्र कोणत्या मापाचे असावे?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : थंबनेल, म्हणजे चित्रफीत उघडण्याआधी दिसणारे तिचे छोटे चित्र, १२८० × ७२० पिक्सेलचे असावे. त्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली चित्रफितीची वेळ दिसते, तेव्हा अभंगाचे नाव तेथे लिहू नये. शीर्षचित्र किमान २०४८ × ११५२ चे लागते, परंतु त्यातील मधला १२३५ × ३३८ चा पट्टाच सर्व उपकरणांवर दिसण्याची खात्री असते. मंडळाचे नाव आणि विठ्ठलाचे चित्र या पट्ट्यातच बसवावे. उरलेल्या भागात साधा रंग किंवा टाळमृदंगाचे फिकट चित्र चालेल.

प्रश्न : वाचनालयाच्या फेसबुक पानासाठी इमारतीचे छायाचित्र आणि त्यावर नाव असे शीर्षचित्र केले. संगणकावर ते ठीक दिसते, मोबाइलवर नावाची पहिली व शेवटची अक्षरे जातात.
— एक ग्रंथपाल, खानापूर तालुका

उत्तर : फेसबुक हे चित्र संगणकावर ८५१ × ३१५ आणि मोबाइलवर ६४० × ३६० या मापांत दाखवते. पहिली चौकट लांबट पट्टीसारखी आहे, दुसरी बरीच उंच आहे. ८५१ × ३१५ चे चित्र मोबाइलच्या चौकटीत बसवताना उंची भरून काढण्यासाठी ते मोठे केले जाते आणि मूळ रुंदीपैकी मधला ५६० पिक्सेलचा भाग उरतो. दोन्ही बाजूंचे सुमारे १४५ पिक्सेल जातात. ‘सार्वजनिक वाचनालय’ सारखे लांब नाव पूर्ण रुंदीत पसरले असेल तर ते कापले जाणारच. नाव दोन ओळींत, मधल्या ५६० पिक्सेलमध्ये लिहावे. चित्रावर अक्षरे किंवा बोधचिन्ह असल्यास फाइल पीएनजी प्रकारात द्यावी, कडा अधिक स्वच्छ राहतात. तसे पाहिले तर वाचनालयाचे नाव पानावर शीर्षचित्राखाली असतेच, तेव्हा चित्रावर ते पुन्हा लिहिण्याची गरज आहे का, याचाही विचार करावा.

प्रश्न : सगळीकडे चालेल असे एकच माप सांगता येईल का?
— एक वाचक, चिकोडी

उत्तर : छायाचित्रासाठी १०८० × १३५० घ्यावे आणि महत्त्वाचा सर्व मजकूर त्यातील मधल्या ८०० × ८०० च्या चौरसात ठेवावा. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप यांवर ते निभावते. यूट्यूबवर चालत नाही. चित्रफितीसाठी असे सर्वमान्य माप नाही.

प्रश्न : १९२४ साली महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाच्या काळातील काही घरगुती छायाचित्रे आमच्याकडे आहेत. ती तीन बाय चार इंचांची आहेत. एक समूहचित्र बरेच लांबट आहे. मोबाइलने फोटो काढून ती फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर टाकली, पण चेहरे ओळखू येत नाहीत. एका ॲपने ती स्पष्ट करून देता येतील असे कोणी सुचवले आहे.
— एक ज्येष्ठ वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेले ते एकमेव अधिवेशन होते, त्यामुळे त्या काळातील घरगुती छायाचित्रांनाही महत्त्व आहे आणि ती घाईने हाताळू नयेत. मोबाइलने काढलेल्या फोटोत चकाकी आणि तिरकेपणा येतो; त्याऐवजी सपाट काचेच्या स्कॅनरवर स्कॅन करून घ्यावे. कार्यालयांत नेहमी वापरले जाणारे ३०० डीपीआय येथे अपुरे पडते, कारण तीन बाय चार इंचांच्या छायाचित्राचे त्यात ९०० × १२०० पिक्सेलच मिळतात आणि इन्स्टाग्रामच्या १०८० रुंदीलाही ते पुरत नाहीत. ६०० डीपीआयने १८०० × २४०० मिळतात. जतन करण्यासाठी १२०० डीपीआयने एक प्रत घ्यावी आणि ती टिफ या तपशील न गमावणाऱ्या फाइल प्रकारात ठेवावी. छायाचित्र कृष्णधवल असले तरी स्कॅन रंगीतच करावे, कारण पिवळटपणा आणि डाग ही त्याच्या वयाची माहिती असते आणि पुढे दुरुस्ती करणाऱ्याला तिचा उपयोग होतो.

तीन बाय चार हे गुणोत्तर इन्स्टाग्रामने २०२५ पासून पोस्टसाठीही स्वीकारले आहे, त्यामुळे आपली उभी छायाचित्रे १०८० × १४४० च्या मापात कोठेही न कापता टाकता येतील. लांबट समूहचित्राचे मात्र काळजीपूर्वक करावे. इन्स्टाग्राम १.९१:१ पर्यंतचे आडवे चित्र घेते. त्याहून लांब चित्राच्या टोकांना उभी असलेली माणसे कापली जातात. अशा वेळी चित्राच्या वर आणि खाली पांढरी पट्टी जोडून ते चौकटीत पूर्ण बसवावे, आणि त्याच पोस्टमध्ये पुढे डावा, मधला व उजवा असे तीन भाग मोठे करून स्वतंत्र चित्रे म्हणून द्यावेत, म्हणजे चेहरे ओळखता येतील.

चेहरे स्पष्ट करणाऱ्या ॲपचा वापर करू नये, असे मी आग्रहाने सुचवतो. लहान, पुसट छायाचित्रात जो तपशील मुळात नाही तो ॲप शोधून काढत नाही, तर इतर असंख्य चेहऱ्यांवरून अंदाजाने रचते. नाक, डोळे सुबक दिसतात, पण ते आपल्या आजोबांचे असतीलच असे नाही. तशी प्रत एकदा प्रसृत झाली की पुढे तीच खरी मानली जाते. उजेड आणि छटा थोड्या वाढवणे एवढी दुरुस्ती पुरेशी आहे. समाजमाध्यमांवर चढवलेले चित्र हीच आपली प्रत, असेही समजू नये. तेथून परत उतरवलेले चित्र दाबून लहान केलेले असते. छायाचित्रांच्या मागील बाजूस नावे, तारीख किंवा स्टुडिओचा शिक्का असल्यास तीही बाजू त्याच डीपीआयने स्कॅन करावी आणि दोन्ही फायलींना एकच क्रमांक देऊन पेन ड्राइव्हवर व संगणकावर अशा दोन ठिकाणी ठेवावे.